तुम्ही विचारलंत म्हणून: आता बिटकॉइन घ्यावा का?

मी कर सल्लागार आहे. रिटर्नची कागदपत्रं द्यायला आलेली माणसं जाता जाता विचारतात, "साहेब, आता बिटकॉइन घ्यावा का?" भाव कुठे जाईल हे मला सांगता येत नाही. पण हा प्रश्न नेमका कधी येतो, ते मी बघत आलो आहे.

२०२१ च्या टी-२० विश्वचषकात क्रिप्टो ॲपच्या जाहिरातींचा मारा चालू होता, बिटकॉइन ६९,००० डॉलरच्या घरात गेला होता, तेव्हा ज्याला त्याला हेच विचारायचं होतं. पुढच्या नोव्हेंबरात एफटीएक्स हा मोठा क्रिप्टो एक्स्चेंज बुडाला आणि भाव १६,००० च्याही खाली आला. तेव्हा कुणी अवाक्षर काढलं नाही. मार्च २०२४ मध्ये भाव ७०,००० च्या पुढे गेला आणि पुन्हा चौकशा सुरू झाल्या. शेजाऱ्याने कमावले, आपण मागे राहिलो, ही टोचणी भाव चढल्यावरच लागते.

काहीजण हाल्विंगचा हिशेब मांडतात. साधारण चार वर्षांनी मायनरना, म्हणजे संगणक चालवून बिटकॉइनचे व्यवहार नोंदवणाऱ्यांना, मिळणारी नवी नाणी निम्मी होतात. २०१२, २०१६, २०२० आणि २०२४ मध्ये तसं झालं. त्यावरून 'नवी नाणी कमी, म्हणून चार वर्षांनी तेजी ठरलेलीच' असं म्हणणं मला धोक्याचं वाटतं. चार वेळा घडलेल्या गोष्टीचा नियम होत नाही. शिवाय मार्च २०२४ चा तो उच्चांक हाल्विंगच्या आधीच आला, कारण जानेवारीत अमेरिकेने स्पॉट ईटीएफना, म्हणजे प्रत्यक्ष बिटकॉइन धरून ठेवणाऱ्या आणि शेअरसारख्या विकत घेता येणाऱ्या फंडांना, परवानगी दिली होती.

मला खरी काळजी वाटते ती पडत्या भावातल्या वागण्याची. स्टेटमेंट उघडलं की दिसतं: वर गेलेलं कॉइन घाईने विकलेलं, आणि पडलेली पाच-सहा तशीच ठेवलेली, 'कधीतरी वर येईल' म्हणून. तोट्यात विकून मोकळं होणं जिवावर येतं. शेफ्रिन आणि स्टॅटमन या अभ्यासकांनी शेअर बाजारातली हीच सवय १९८५ मध्ये मांडली होती. क्रिप्टोत ती जास्त महागात पडते. बाजार रात्रंदिवस चालू, भाव फार पडला तर व्यवहार थांबवणारं शेअर बाजारासारखं सर्किट नाही, आणि पाऊण किंमत गेली तर मुद्दल परत यायला भाव चौपट व्हावा लागतो.

त्यात आपला कायदा. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, आणि एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. समजा एकात लाखाचा नफा झाला, दुसरं ऐंशी हजारांच्या तोट्यात विकलं. हातात वीस हजार उरले असं वाटतं. पण उपकरासह कर भरायचा ३१,२००. म्हणजे खिशातून ११,२०० गेले! हा आकडा कागदावर मांडून दाखवला की समोरचा माणूस दोनदा बेरीज करून बघतो.

म्हणून मी उलट विचारतो: भाव अर्ध्यावर आला तर काय कराल? बहुतेक म्हणतात, "ॲव्हरेज करू", म्हणजे पडत्या भावात आणखी घेऊन सरासरी खरेदीभाव खाली आणू. कुठल्या पैशातून? उत्तर मुलांची फी, घराचा हप्ता किंवा कर्ज असेल, तर मी स्पष्ट सांगतो, एक रुपयाही घालू नका. पाच वर्षं विसरता येईल अशी रक्कम असेल, तर किती घ्यायचं आणि किती पडल्यावर विकायचं, हे घेण्याआधी लिहून घरातल्या माणसाला दाखवा.