तात्याचं दुखणं: जुन्या ऑटोपायलटची डागडुजी, नोंद तिसरी

मागच्या नोंदीत मी जवळजवळ जाहीर करून टाकलं होतं की आमच्या होडीचा ऑटोपायलट, म्हणजे सुकाणू आपोआप सांभाळणारं यंत्र, कामातून गेला, आता नवा कॉम्प्युटर घ्यायचा. ते मागे घेतो. कॉम्प्युटर ठणठणीत आहे. दोन महिने ज्याच्यावर आळ घेतला तो निर्दोष निघाला आणि खरे चोर दोन होते, दोघेही बिळात लपलेले. मी त्यांना एकच चोर समजत होतो, म्हणून एवढा वेळ गेला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: होडी चौतीस फुटी, एका डोलकाठीची, सुकाणू चाकाने फिरतं. डेकखाली सुकाणूच्या खांबाला एक वेगळा लोखंडी हात आहे. त्याला जोडलेला विजेवरचा दट्ट्या, म्हणजे लिनिअर ड्राइव्ह, सुकाणू ढकलतो. फ्लक्सगेट होकायंत्र दिशा सांगतं, सुकाणू किती वळलंय ते एक सेन्सर सांगतो आणि दोघांचं ऐकून मोटरला हुकूम सोडते ती पेटी, म्हणजे कॉम्प्युटर. सगळा संच तिशीला टेकलेला. होडीवर त्याला सगळे तात्या म्हणतात, कारण चालताना कण्हतो.

लक्षणं अशी. मागून लाटा यायला लागल्या की तात्या दोन-चार वेळा जोर लावायचा, मग एक लांब शिट्टी आणि थेट स्टँडबाय, म्हणजे सुकाणू सोडून स्वस्थ. आणि सपाट पाण्यात, इंजिनावरसुद्धा, मागे वळून पाहिलं तर पाण्यावरची रेघ नागमोडी. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, दोन्हीकडे आठ-आठ अंश झुलत राहायची.

पहिला चोर तारेत सापडला. बॅटरीवर 12.5 व्होल्ट दिसतायत म्हणून मी वीजपुरवठ्याकडे पाहिलंच नव्हतं. हा मूर्खपणा तुम्ही करू नका. व्होल्ट मोजायचे ते पेटीच्या टर्मिनलवर, आणि तेही मोटर जोर लावत असताना. एकाला चाक घट्ट धरून ठेवायला सांगितलं, तात्याला दहा अंशांचा हुकूम दिला आणि मीटरकडे पाहिलं: 10.4. बॅटरीपासून पेटीपर्यंत 2.1 व्होल्ट वाटेतच गायब!

आता हिशेब. बॅटरी ते पेटी तार 8 मीटर, जाऊन-येऊन 16. तार 2.5 चौरस मिलिमीटरची, तिचा रोध मीटरला साधारण 7 मिलिओम. 16 मीटरचे झाले 0.11 ओम. मोटर अडली की 12 अँपिअर खेचते, म्हणजे नुसत्या तारेत 1.3 व्होल्ट. उरलेले 0.8 कुठे? फ्यूजच्या होल्डरवर मीटरची दोन टोकं लावली तर तिथे अर्धा व्होल्ट. 12 अँपिअरला अर्धा व्होल्ट म्हणजे 6 वॉटची उष्णता, एवढ्याशा प्लास्टिकच्या डबीत. हात लावल्यावर ती कोमट लागत होतीच, आजवर कुणी लावला नव्हता इतकंच. बाकीचं निगेटिव्हच्या लगमध्ये, म्हणजे तारेच्या टोकाला दाबून (क्रिम्प करून) बसवलेल्या धातूच्या कड्यात. बाहेरून लग अगदी चकचकीत, पण इन्सुलेशन दोन बोटं सोललं तर आतलं तांबं काळंकुट्ट आणि क्रिम्पच्या तोंडाशी हिरवा साका.

नवी तार 10 चौरस मिलिमीटरची, कल्हई केलेल्या तांब्याची टाकली. नवे लग, नवा होल्डर, क्रिम्पवर गोंद असलेली स्लीव्ह. आता त्याच चाचणीत घट अर्ध्या व्होल्टच्या आत आहे. शिट्टी बंद. दोन रविवार मागून येणाऱ्या लाटांत चालवला, एकदाही स्टँडबायला गेला नाही.

नागमोड मात्र तशीच. इथे मी पुन्हा कॉम्प्युटरकडे संशयाने बघायला लागलो, हे कबूल करतो.

पण आधी ड्राइव्ह उतरवला, कारण मोटरचं कण्हणंही तपासायचं होतं. एक सावधगिरीची गोष्ट: सुकाणूच्या त्या कप्प्यात हात घालण्याआधी ऑटोपायलटचा स्विच नव्हे, फ्यूजच काढा आणि खिशात ठेवा. तो दट्ट्या बोट आणि लाकूड यांत फरक करत नाही. मी टेबलावर चाचणी घेताना मोटरला दट्ट्याशी जोडणारा क्लच चुकून लागला आणि दट्ट्याने माझा पाना बाकाच्या कडेला असा दाबला की लाकडात त्याचा ठसा उमटलाय. तो ठसा तसाच ठेवलाय.

मोटर उघडली तर आत कार्बनची काळी पूड. ब्रश म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे. एक 9 मिलिमीटर, दुसरा 5, आणि त्या बारक्या ब्रशची स्प्रिंग गंजून अडकलेली. कम्युटेटरवर, म्हणजे ब्रश घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलावर, खळगे नव्हते, नुसता काळा थर होता, तो बारीक सँडपेपरने काढला. एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण पट्ट्यांच्या मधे बसून वीज वाहून नेऊ शकतात. पट्ट्यांमधला अभ्रक हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने हलक्या हाताने खाली खरवडला. नवे ब्रश बसवताना कम्युटेटरभोवती सँडपेपर उलटा गुंडाळून ब्रशांना गोलाई दिली, नाहीतर ते पहिले कित्येक तास एका कडेवरच घासत राहतात. क्लचची कॉइल मोजली, 18 ओम, तुटलेली नाही. सगळं परत जोडल्यावर कण्हणं निम्म्याने कमी झालं. तात्याचं नाव बदलायची वेळ मात्र आलेली नाही.

आता दुसरा चोर, आणि या नोंदीचा खरा विषय.

सुकाणूचा कोन सांगणारा सेन्सर म्हणजे जुन्या संचांत बहुतेक वेळा साधा पोटेन्शिओमीटर (पॉट), म्हणजे फिरवला की रोध बदलणारा भाग, असतो. आमचा 5 किलोओमचा. कार्बनची गोल पट्टी आणि तिच्यावरून सरकणारी एक चिमुकली पितळी जीभ. डिजिटल मीटर लावून मी तो आधी दोनदा तपासला होता आणि दोन्ही वेळा पास केला होता. डावीकडे पूर्ण, मधे, उजवीकडे पूर्ण, तिन्ही आकडे बरोबर. मग अडगळीतला जुना काट्याचा मीटर काढला. सेन्सरची तार पेटीपासून सोडवली, काट्याचा मीटर लावला आणि सुकाणू हाताने अगदी सावकाश, मुंगीच्या पावलाने फिरवलं. काटा गुळगुळीत सरकत होता, सरकत होता आणि बरोबर मध्याच्या अलीकडे दोन अंशांवर ताडकन उडाला. परत खाली आला. पुन्हा उडाला. मध्य ओलांडला की पुन्हा शहाण्यासारखा. डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच बघतो, त्या उघडझापीत ही उडी त्याला दिसतच नाही.

मग डोक्यात प्रकाश पडला. सुकाणू सारा जन्म काढतं कुठे? मध्यावर, दोन-चार अंश इकडे-तिकडे. तीस वर्षं ती पितळी जीभ त्याच नखाएवढ्या जागेवर घासत होती. जिथे सर्वांत जास्त काम, नेमकी तीच जागा झिजलेली, बाकीची पट्टी कोरी करकरीत. पेटीला अचानक वाटायचं की सुकाणू भलतीकडेच गेलंय, ती ते सावरायला ढकलायची, मग खरंच भलतीकडे जायचं. झाली नागमोड.

नवा सेन्सर आणण्याआधी खात्री हवी होती. सेन्सरच्या दांड्यावरचा हात एका बारीक स्क्रूने धरलेला असतो. तो सैल करून दांडा वीसेक अंश फिरवला आणि परत आवळला, म्हणजे सुकाणू मध्यावर असताना जीभ कोऱ्या पट्टीवर येते. असल्या पॉटचा फेरा 270 अंशांच्या आसपास असतो आणि सुकाणूला सत्तरही लागत नाहीत, त्यामुळे सरकवायला जागा भरपूर. पेटीत सुकाणूचा मध्य नव्याने नोंदवला आणि बाहेर पडलो. दहा मिनिटांत मागची रेघ सरळ. एक छदाम खर्च न करता! तुमचा तात्या सपाट पाण्यातही डुलत असेल तर हा प्रयोग सगळ्यांत आधी करा.

कायमचा उपाय म्हणून कंडक्टिव्ह प्लास्टिकच्या पट्टीचा 5 किलोओमचा पॉट बसवला. कार्बनपेक्षा तो खूप जास्त फेरे टिकतो. घेताना लिनिअर आहे ना ते बघा, आवाज कमी-जास्त करायला वापरतात तो लॉग प्रकारचा चालणार नाही. मी ते पाहिलं पण दांडा पाहिला नाही. नवा 6 मिलिमीटरचा आणि आमच्या हाताचं भोक पाव इंची, म्हणजे 6.35. साडेतीन दशांश मिलिमीटरवर अडलेला शनिवार! शेवटी पितळेच्या पातळ पत्र्याची नळी करून आत सरकवली.

होकायंत्रावर फार लिहीत नाही. फ्लक्सगेटच्या भिंतीपलीकडच्या कप्प्यात कुणीतरी (मीच) लोखंडी हत्यारांची पेटी ठेवली होती. ती हलवून गोल फेऱ्या घेऊन कॅलिब्रेशन केलं: वेग दोन नॉटच्या आत, एका फेरीला दोन मिनिटांहून जास्त वेळ. विचलन, म्हणजे आसपासच्या लोखंडामुळे होकायंत्रात येणारी चूक, 13 अंशांवरून 4 वर आलं.

शेवटी ट्यूनिंग. रडर गेन म्हणजे चूक जितकी तितकं सुकाणू, आणि काउंटर रडर म्हणजे नाळ किती वेगाने वळतेय ते पाहून आधीच उलटं सुकाणू. ही दुसरी अक्कल माणसाकडूनच घेतलेली आहे. निकोलस मिनोर्स्कीने 1922 साली आपोआप चालणाऱ्या सुकाणूचं गणित मांडलं तेव्हा त्याने कसलेले सुकाणूवाले काय करतात तेच आधी पाहिलं होतं. ते नुसती चूक बघत नाहीत, चूक कोणत्या वेगाने वाढतेय तेही बघतात. पुढे न्यू मेक्सिको या अमेरिकी युद्धनौकेवर त्याची चाचणी झाली. आमची गंमत अशी की सेन्सर खराब असताना नागमोड दाबायला मी गेन खाली-खाली आणत गेलो होतो. आता तो परत दोन पायऱ्या वर नेलाय, काउंटर रडर एक पायरी.

नवा कॉम्प्युटर मग घ्यायचाच नाही का? तूर्त नाही. आमचा फ्लक्सगेट डोलत्या पाण्यात मागे पडतो हे खरं आहे, नव्या संचांत जायरो, म्हणजे वळण्याचा वेग ओळखणारा भाग, असलेले सेन्सर असतात आणि ते लाट उचलायला लागताच ओळखतात. पण ड्राइव्ह जुनाच ठेवून फक्त मेंदू बदलायचा असेल तर नव्या पेटीला मोटरचा अडलेला करंट झेपतो का आणि क्लचचा व्होल्टेज जुळतो का, हे आधी मोजावं लागेल. होडीवरची जुनी उपकरणं एकमेकांशी 4800 बॉडच्या (सेकंदाला 4800 बिट) वेगाने बोलतात, नवी नेमा 2000 या वेगळ्या भाषेत, तेव्हा मधे दुभाषी लागेलच. रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरवर चालणारा पायपायलट हा मुक्त स्रोताचा (ओपन सोर्स) ऑटोपायलट प्रकल्प मला जास्त खुणावतोय. एक रास्पबेरी पाय आणि नऊ अक्षांचा सेन्सर टेबलावर आणून ठेवलाय, अजून एकही तार जोडलेली नाही.

परवाची स्थिती: वारा मागून तिरका, पंधरा-सोळा नॉट, मोठ्या शिडाला एक रीफ, म्हणजे शीड थोडं गुंडाळून लहान केलेलं. चार तासांत तात्याने कोर्स पाच अंशांच्या आत ठेवला, मोठ्या लाटेवर दोनदा दहापर्यंत गेला. रीफ घेण्याआधी होडी सारखी वाऱ्याकडे तोंड वळवत होती आणि तो बिचारा एकाच बाजूला ढकलत बसला होता, तो दोष शिडांचा, म्हणजे माझा. वाऱ्याच्या कोनावर चालवायचा मोड अजून तपासलेला नाही, डोलकाठीवरचं वातकुक्कुट अडकतंय. पुढच्या शनिवारी वर चढायचंय. जुने दोन ब्रश आणि तो झिजलेला पॉट पिशवीत घालून ड्राइव्हशेजारी टांगून ठेवलेत.