दिवसा शहर, संध्याकाळी सामना

बेसबॉलमधली काही मापं अगदी ठाम आहेत. एका बेसपासून, म्हणजे धावून गाठायच्या थांब्यापासून, दुसरा बेस ९० फूट, पिचर ज्या पट्टीवर पाय टेकवून चेंडू टाकतो तिथपासून बॅटर उभा राहतो ती होम प्लेट ६० फूट ६ इंच. यात तसूभरही फरक चालत नाही. पण मैदानाची बाहेरची भिंत कुठे असावी आणि किती उंच, हे बऱ्याच अंशी ज्याच्या त्याच्या मैदानावर सोडलेलं. आतला चौकोन सगळीकडे सारखा आणि त्याच्या पलीकडे शहराची मर्जी. अमेरिकेत हिंडताना मला या खेळाची गोडी लागली ती या तऱ्हेवाईकपणामुळे. होमरन, म्हणजे भिंतीपलीकडे मारलेला चेंडू, वगैरे नंतर.

प्रवासाचा आमचा एक करार आहे. दिवस बायकोचा, संध्याकाळ माझी. दिवसा संग्रहालयं, पूल, जुनी चर्चं, संध्याकाळी सामना. प्रत्येक संघ सीझनमध्ये १६२ सामने खेळतो आणि त्यातले ८१ आपल्या मैदानावर. म्हणजे उन्हाळ्यात कुठल्याही मोठ्या शहरात गेलं, तरी संघ गावात असण्याची शक्यता साधारण निम्मी. उरलेली निम्मी मी तारखा पुढेमागे सरकवून जमवतो. "या आठवड्यात विमान स्वस्त आहे" असं मी म्हणालो की ती फक्त विचारते, कोणाशी आहे?

करार पहिल्यांदा डळमळला तो बॉस्टनमध्ये. दिवसभर आम्ही फ्रीडम ट्रेलवर चाललो. फुटपाथमध्ये लाल विटांची रेघ आखलेली आहे, तिच्यामागे गेलं की अडीच मैलांत क्रांतियुद्धाच्या काळातल्या सभागृहांपासून कबरींपर्यंत सगळं दिसतं. पाय बोलायला लागले होते, आणि फेनवे पार्कला ती नाखुशीनेच आली. हे मैदान १९१२ सालचं. डाव्या बाजूला लान्सडाउन स्ट्रीट इतका जवळ, की मैदान पसरायला जागाच नव्हती. रस्ता हलला नाही, मग भिंत वर गेली. ३७ फूट उंच, हिरवीगार, 'ग्रीन मॉन्स्टर' नावाची. दुसऱ्या मैदानात बाहेर गेला असता असा चेंडू इथे भिंतीला आपटून परत येतो, आणि दुसरीकडे सहज झेलला गेला असता असा एखादा उंच उडालेला चेंडू भिंतीवरून पलीकडे जातो. नशिबाचा हिशेब भिंत आपल्या पद्धतीने चुकता करते.

भिंतीच्या पायथ्याशी धावफलक आहे. तो अजून हाताने चालतो, आत माणसं बसून आकड्यांचे पत्रे बदलतात. त्यावरच्या उभ्या पांढऱ्या रेघांत ठिपके आणि डॅश आहेत, मोर्स कोडमधले. जुने मालक टॉम यॉकी आणि त्यांची पत्नी जीन यांची आद्याक्षरं. हे ऐकल्यावर बायको दुर्बीण मागायला लागली. "दिवसभर जे जुनं पाहिलं ते सगळं दोरीच्या पलीकडे होतं," ती म्हणाली, "हे अजून वापरात आहे." मग उजवीकडच्या हिरव्या खुर्च्यांच्या समुद्रात एकच लाल खुर्ची शोधणं आलं. १९४६ साली बॉस्टनच्या टेड विल्यम्सने मारलेला चेंडू तिथे ५०२ फुटांवर एका प्रेक्षकाच्या गवती टोपीवर आदळला होता. टोपीचं पुढे काय झालं याची काळजी बायकोला त्या रात्री बराच वेळ होती.

तिथेच शेजारच्या खुर्चीवरच्या एका आजोबांनी तिला स्कोअर लिहायला शिकवलं. प्रत्येक खेळाडूच्या जागेला क्रमांक असतो: पिचर १, कॅचर २, पहिल्या बेसवरचा ३, दुसऱ्या बेसवरचा ४, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप ६. शॉर्टस्टॉपने चेंडू दुसऱ्या बेसवर फेकला, तिथून तो पहिल्या बेसवर गेला आणि दोघं बाद झाले, तर लिहायचं ६-४-३. तीन स्ट्राइक होऊन बॅटर बाद झाला, म्हणजे स्ट्राइकआउट, तर के, आणि बॅटर बॅट न हलवता नुसता बघत उभा राहिला तर उलटा के. मला स्कोअरकार्डचा कंटाळा येतो. तिचं मात्र तेव्हापासून सुरू आहे, आणि हल्ली मी हॉट डॉग आणायला गेलो तर मधे काय घडलं हे तिच्याकडूनच कळतं.

शिकागोने करार पार उलटा केला. रिग्ली फील्डवर १९८८ सालच्या ऑगस्टपर्यंत दिवेच नव्हते. दिवे लागल्यानंतरचा पहिला रात्रीचा सामनाही पावसाने अर्ध्यातच बुडवला. आजही तिथे दुपारचे सामने भरपूर. मग दिवस माझा झाला आणि संध्याकाळी नदीतून होडीने इमारती बघणं तिच्या वाट्याला गेलं. रिग्लीच्या बाहेरच्या विटांच्या भिंतीवर १९३७ पासून वेली चढवलेल्या आहेत. चेंडू पानांत अडकला तर फील्डर दोन्ही हात वर करतो आणि बॅटरला दोन बेस मिळतात. एप्रिलमध्ये गेलात तर नुसत्या काटक्या दिसतील; जूनमध्ये जावं. सामना संपला की धावफलकावर झेंडा चढतो. जिंकले तर पांढऱ्यावर निळा डब्ल्यू, हरले तर निळ्यावर पांढरा एल. जवळून जाणाऱ्या लोकल गाडीतल्या लोकांना निकाल कळावा म्हणून ही सोय. मोबाइलच्या जमान्यात तिची गरज कोणालाच नाही, तरी गाडीतली माणसं मान वळवून बघतात. मीही बघितलं, मैदानातूनच येत असूनसुद्धा.

पण माझं मन अडकलं पिट्सबर्गमध्ये. तिथे अ‍ॅलेघेनी आणि मोनोंगहेला या दोन नद्या मिळून ओहायो नदी सुरू होते, आणि पूल जिकडेतिकडे, पिवळे. त्यातला एक इथल्या संघाच्या रॉबेर्तो क्लेमेंटे या खेळाडूच्या नावाचा. सामन्याच्या दिवशी तो गाड्यांना बंद असतो आणि सगळं शहर पायी मैदानाकडे निघतं. क्लेमेंटे पोर्तो रिकोचा, जर्सी क्रमांक २१. १९७२ च्या सीझनअखेरीस त्याचे बरोबर ३००० हिट्स, म्हणजे बेस गाठून देणारे फटके, झाले. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं विमान समुद्रात कोसळलं, त्यात तो गेला. मैदानाची उजवी भिंत २१ फूट उंच आहे, ती त्याच्यासाठी. पुतळे सगळीच शहरं उभारतात, पण आठवण खेळाच्या मापातच घालून ठेवली की प्रत्येक उजवीकडच्या फटक्याला त्या माणसाशी गाठ पडते. स्मारकाची याहून चांगली कल्पना माझ्या पाहण्यात नाही.

संघ म्हणाल तर पायरेट्स. १९९३ ते २०१२ अशी सलग २० वर्षं त्यांनी जिंकण्यापेक्षा जास्त सामने हरले. असल्या संघाच्या नादी लागायला अक्कल लागत नाही, संध्याकाळ लागते. होम प्लेटच्या मागे वरच्या मजल्यावर बसलं की पिवळा पूल, नदी आणि त्यामागे उंच इमारती हळूहळू दिवे लावताना दिसतात. सातव्या इनिंगच्या मध्यात सगळे उभे राहून आळोखेपिळोखे देत जुनं गाणं म्हणतात. आपला संघ सहा धावांनी मागे असतो आणि कोणी घाईने उठत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही १८७७ सालच्या ड्यूकेन इन्क्लाइन या डोंगर चढणाऱ्या रेल्वेच्या लाकडी डब्यात बसून डोंगरावर गेलो. वरून बायकोने सगळ्यात आधी मैदान शोधलं. दिवस तिचा होता, हे मी तिला सांगितलं नाही.

कूपर्सटाउन गावातल्या हॉल ऑफ फेमचं, म्हणजे बेसबॉलच्या संग्रहालयाचं, गणित अजून सुटलेलं नाही. संग्रहालय म्हणून ते तिच्या वाट्याचं की बेसबॉल म्हणून माझ्या? १८३९ साली अ‍ॅब्नर डबलडेने याच गावात खेळ शोधून काढला, ही गोष्ट खोटी आहे हे आता सगळे मान्य करतात. पण त्या गोष्टीच्या जोरावर १९३९ मध्ये इथे संग्रहालय उघडलं आणि तळ्याकाठचं चिमुकलं गाव कायमचं गजबजलं. मला यात काही गैर वाटत नाही. बायकोला वाटतं.

पुढचा बेत सॅन फ्रान्सिस्कोचा आहे. तिथल्या मैदानाच्या उजव्या भिंतीपलीकडे खाडी आहे, आणि होमरन पाण्यात पडला तर उचलायला लोक कायाकमध्ये जाळी घेऊन थांबतात. त्यांना सामना दिसत नाही. आत काय चाललंय हे कानांवर सोपवायचं आणि भिंतीकडे डोळे लावून वल्ही मारत राहायचं. बायकोच्या मते सगळ्यात चांगली जागा तीच, कारण शहर आणि सामना एकदम होतो. कायाक भाड्याने मिळते हेही तिने शोधून ठेवलंय. मला पोहता येत नाही. बोलणी चालू आहेत.