मावशींची ओम्नी आणि डावा बोल्ट

वास आधी आला, गाडी मागून आली. जुलैची 22 तारीख, बाहेर पाऊस कोसळत होता, आणि माझ्या वरळीच्या गॅरेजसमोर पांढरी ओम्नी, मारुतीची जुनी व्हॅन, येऊन थांबली. पांढरी म्हणायचं ते वरच्या अर्ध्या भागाला. खालचा अर्धा तपकिरी होता.

मावशी कोळीवाड्यातल्या. पहाटे ससून डॉकला माल घ्यायचा, बर्फ टाकलेले क्रेट गाडीत चढवायचे आणि आठच्या आत बाजारात पोचायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. गाडी मुलगा चालवतो, हुकूम मावशींचा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, त्यामुळे दीड महिना गाडी समुद्रापासून पन्नास पावलांवर, पावसात, एकाच जागी उभी होती. आता ती खड्ड्यात खडखडत होती, ब्रेक मारला की डावीकडे ओढत होती.

"ए मिस्त्री, एक तारखेला गारी पायजे म्हंजे पायजे."

जॅक लावला, घोड्या म्हणजे लोखंडी टेकू दिले, खाली सरपटत गेलो. टॉर्च मारला आणि दोन मिनिटं काही बोललोच नाही. थंड देशांत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि गाड्या खालून सडतात, असं आपण ऐकतो. इथे तेच मीठ गाडीच्या आतून येत होतं. क्रेटमधलं वितळलेलं बर्फाचं पाणी फळीवरून पत्र्यावर, पत्र्याच्या भोकातून चॅसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, आणि तिथून पाट्यांवर, म्हणजे मागच्या चाकांच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर. रोज. पाटे आवळून धरणाऱ्या मागच्या यू-बोल्टवर बोट फिरवलं तर इराण्याकडच्या खारीसारखे पापुद्रे सुटून तोंडावर पडले. पुढे डाव्या लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला चॅसीशी जोडणाऱ्या दांड्याच्या, बुशातलं रबर फाटून बाहेर लोंबत होतं. ओढण्याचं आणि खडखडण्याचं मूळ बहुतेक तिथेच होतं.

बाहेर येऊन मी मावशींना सरळ सांगितलं, भंगारात द्या. ओम्नी 2019 सालीच बंद झाली, किती दिवस ओढणार?

"आमची होडी तुज्यापेक्षा मोठी हाय. ती टाकली काय भंगारात?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. काम घेतलं.

जुन्या गाडीत पार्ट बदलायला अर्धा तास लागतो, जुना पार्ट काढायला दोन दिवस. गिऱ्हाइकाला हे पटवणं बोल्ट काढण्याहून अवघड. पहिल्या दिवशी पाना लावलाच नाही. तारेच्या ब्रशने सगळे आटे घासून साफ केले, रॉकेल आणि गिअर ऑइलचं मिश्रण ब्रशने लावलं, संध्याकाळी परत लावलं, सकाळी परत. पोऱ्या वैतागला. त्याला गाडी खोलायची घाई, आणि मी त्याला ब्रश देऊन बसवलेला.

मागचे यू-बोल्ट सोडवायच्या भानगडीत पडलो नाही. ते तसेही परत वापरायचे नसतात. सरळ कापले. पाटे उतरवताना माझी अपेक्षा होती की तिथेच खरी मारामारी होणार, कारण सगळं पाणी तिथेच गळत होतं. पण पाट्याच्या मागच्या टोकाच्या पिना हातोडीच्या दोन फटक्यांत निघाल्या. त्यांच्यावर काळपट, चिकट थर होता. मला वाटलं कोणीतरी ग्रीस मारलंय. पुसलं, तर खालचं लोखंड नव्यासारखं. ते ग्रीस नव्हतं हे नंतर कळलं.

खरी मारामारी पुढे, डाव्या लोअर आर्मच्या आतल्या बोल्टशी झाली. नट सुटला. आधी किंचित घट्ट करायचा आणि मग सैल करायचा, बारा कोनी गोटी (सॉकेट) न घेता सहा कोनी वापरायची म्हणजे नटाचे कोपरे जात नाहीत, पान्याला चार फुटी पाइप. सगळं नियमाप्रमाणे. कट्ट् असा आवाज आला आणि नट फिरला. पोऱ्याने शिट्टी मारली. त्या शिट्टीने मीही फसलो.

कारण बोल्ट बाहेर येईना. हा प्रकार ज्याने पाहिला नाही त्याला चमत्कार वाटेल. बोल्टचं डोकं पान्याने फिरवलं की फिरतं, सोडलं की स्प्रिंगसारखं मागे येतं. बुश म्हणजे काय, बाहेर लोखंडी नळी, मध्ये रबर, आत बारीक लोखंडी नळी आणि त्या नळीतून बोल्ट. तो बोल्ट आणि आतली नळी गंजून एक झालेले. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, आणि त्या नळीत जागा आहेच कुठे? मग तो बोल्टला चहूबाजूंनी आवळून धरतो. आपण फिरवतो ते फक्त रबर. तेल आत जाईल तर शपथ.

घण मारला. बोल्टचं टोक फुललं, बोल्ट जागचा हलला नाही. दुसरा नट टोकावर चढवून मग त्याच्यावर मारायला हवं होतं. हे मला तीस वर्षांपासून माहीत आहे. तरी मारलाच.

दुपारी बोल्ट तापवायला गॅस आणला. ब्रेकचा होज आधीच काढून बाजूला बांधला होता, मागे टाकीच्या बाजूला ओली पोती टाकली होती, पोऱ्या पाण्याची बादली घेऊन उभा. बोल्टचं डोकं लाल केलं, मेणबत्ती टेकवली. तापलेल्या लोखंडाच्या फटीत मेण वितळून आत ओढलं जातं, आटे असले तर ही युक्ती छान चालते. इथे मेण आत जायच्या आधी बुशाच्या रबराने पेट घेतला. नुसत्या रबराने नाही. त्याच्या आजूबाजूला साचलेला वर्षानुवर्षांचा कीट, तेल, माती, मासळीचं काय काय, सगळं भडकलं. बादली बादलीच्या जागी राहिली, पोऱ्या पळाला. मी ओलं पोतं कोंबून आग विझवली. चार सेकंद लागले असतील. उजव्या हाताचे केस गेले, आणि गल्लीभर जळक्या सुक्या बोंबलाचा वास. समोरच्या वडापाववाल्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

चूक माझी. आसपासचा कीट खरवडून काढल्याशिवाय ज्योत लावायची नाही, हे पोऱ्याला मीच शिकवलं होतं.

मग शेवटचा उपाय. बुश आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये जेमतेम दोन मिलिमीटर फट असते. तिथे ग्राइंडरची चकती पोचत नव्हती, आणि मघाच्या प्रकारानंतर ठिणग्या नकोशाच वाटत होत्या. हेक्सा ब्लेड घेतलं, एका टोकाला फडकं गुंडाळलं आणि आडवा पडून कापायला सुरुवात केली. हे बोल्ट हाय टेन्साइल, म्हणजे जास्त चिवट पोलादाचे, डोक्यावर 10.9 असा आकडा असलेले. ब्लेड त्यांना नुसतं गुदगुल्या करतं. एका बाजूला पाच ब्लेडं गेली, दुसऱ्या बाजूला चार. अडीच तास. हातात गोळे आले. साडेसातला आर्म ठाण्ण करून जमिनीवर पडला, त्याच्या पोटात बोल्टचा तुकडा तसाच अडकलेला. तो आजही माझ्या गल्ल्यापाशी आहे.

पुढचं भराभर सांगतो. लोअर आर्म, बुश आणि कंपनीचे बोल्ट ऑपेरा हाऊसच्या बाजारातून नवे आणले. बोल्टच्या बाबतीत हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट मी कधी चालवून घेत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पाट्यांचा चांगला सेट मिळाला. पाट्याचं हँगर जिथे चॅसीला जोडलेलं, तिथे पेचकस आरपार गेला. सडका पत्रा चांगला लागेपर्यंत कापला, बॅटरी सोडून ठेवली आणि जाड पत्र्याचा पॅच वेल्डिंगने बसवला.

फिटिंगच्या वेळी पोऱ्याने गाडी वर असतानाच बुशाचे बोल्ट करकचून आवळायला घेतले. त्याचा हात धरला. चाक लोंबत असताना आवळलं तर रबर त्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली उतरली की त्याला कायमचा पीळ बसतो, आणि महिन्याभरात नवा बुश फाटतो. म्हणून बोल्ट हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-चारदा दाबून हलवायची आणि मग टॉर्क द्यायचा, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळायचं. बोल्टच्या मधल्या गुळगुळीत भागाला कॉपर ग्रीस, आट्यांना नाही.

31 तारखेला संध्याकाळी मावशी आल्या. हिशेब झाला, घासाघीसही झाली. मग मी त्या चिकट थराची गोष्ट काढली. मावशी हसल्या.

"त्याला मोरीचा तेल लावतं माजा मालक. होडीचा उरलेला. पुढं हात पोचत न्हाय त्याचा, म्हनून मागंच लावतं."

मोरी म्हणजे शार्क. तिच्या लिव्हरचं तेल लाकडी होड्यांना लावतात हे ठाऊक होतं, पण गाडीच्या पाट्यांना? पुढे वाचनात आलं की रस्ट-ओलियम ही गंजरोधक रंगांची अमेरिकी कंपनी 1921 साली एका दर्यावर्दी कप्तानाने काढली. डेकवर सांडलेल्या माशाच्या तेलाखाली गंज थांबलेला त्याला दिसला होता म्हणे. त्या संध्याकाळी मात्र मी मावशींना एवढंच म्हटलं, अर्धा लिटर पाठवा, पुढेही मारून देतो.

त्यांनी रात्रीच बाटली पाठवली. मी दोन्ही आर्म, ब्रॅकेट, नवा पॅच, सगळं माखलं आणि गाडी आत घेऊन शटर ओढलं. पहाटे साडेतीनला मुलगा गाडी न्यायला आला तेव्हा शटरबाहेर सात मांजरं रांगेत बसलेली होती. गाडी निघाली तशी त्यातली तीन नाक्यापर्यंत मागे धावली.