जुना मॉनिटर, नवं ग्राफिक्स कार्ड आणि मधला अडॅप्टर

नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं की मागे बघायचं, तीन डिस्प्लेपोर्ट, एक एचडीएमआय, संपलं. आणि आपल्या मॉनिटरला असतं निळं व्हीजीए, फारतर सोबत पांढरं डीव्हीआय. मग कोणालाही विचारा, उत्तर एकच, मॉनिटर बदलून टाक आता. मला हे मुळीच पटत नाही. पॅनल धडधाकट आहे, रंग नीट आहेत, कुठे पट्टे नाहीत, तर नुसतं सॉकेट जुळत नाही म्हणून तो भंगारात का घालायचा? जवळपास कुठलाही जुना मॉनिटर नव्या कार्डावर चालवता येतो. फक्त मधे काय लावायचं ते आत कुठला सिग्नल जातो यावरून ठरवायचं, सॉकेटचा आकार बघून नाही. पैसे वाया जातात ते नेमके इथे.

डीव्हीआय असेल तर काम सोपं आहे. डीव्हीआय १९९९ सालचं, एचडीएमआय २००२ च्या शेवटी आलं, आणि दोन्हीत चित्र पाठवायची पद्धत एकच आहे. म्हणजे एचडीएमआय ते डीव्हीआय अडॅप्टरमधे कसलीही चिप नसते, फक्त इकडची तार तिकडे जोडलेली, म्हणून तो स्वस्तातला घेतला तरी चित्रात काडीचा फरक पडत नाही. आवाज तेवढा वेगळा न्यायचा.

डिस्प्लेपोर्टची गोष्ट वेगळी, तो डेटा पॅकेटमधे पाठवतो, त्यामुळे नुसत्या तारा जोडून खरंतर जमायला नको. पण ग्राफिक्स कार्डांवरचे डिस्प्लेपोर्ट बहुतेक करून ड्युअल मोडवाले असतात, पोर्टच्या खुणेशेजारी दोन अधिक चिन्हं असतात ती यासाठीच. साधा पॅसिव्ह, म्हणजे सिग्नलचं रूपांतर न करणारा, अडॅप्टर लावलाय हे कार्डाला कळतं आणि ते स्वतःच एचडीएमआय-डीव्हीआयच्या पद्धतीचा सिग्नल सोडायला लागतं. हे फक्त कार्डाच्या बाजूने चालतं हं. कार्डावर एचडीएमआय आणि मॉनिटरला फक्त डिस्प्लेपोर्ट, असं उलटं असेल तर चिपवाला कन्व्हर्टरच लागतो आणि त्याला बहुतेक वेळा यूएसबीची पॉवरही द्यावी लागते. एकूणच अडॅप्टर हे एका दिशेचे असतात, एचडीएमआय ते व्हीजीए आणि व्हीजीए ते एचडीएमआय या दोन पूर्ण वेगळ्या वस्तू आहेत, दिसायला कितीही सारख्या असल्या तरी. घेताना कार्डाकडचं टोक आधी वाचा.

आता व्हीजीए. हे आयबीएमने १९८७ मधे आणलं आणि ते पूर्ण ॲनालॉग आहे, लाल हिरव्या निळ्याचे व्होल्टेज तीन तारांवर आणि सिंकच्या, म्हणजे ओळ आणि चित्र कुठे सुरू होतं ते सांगणाऱ्या, दोन तारा वेगळ्या. पूर्वी कार्डावर डीव्हीआय-आय असायचं, त्यात आडव्या चपट्या पिनेच्या वर-खाली जी चार भोकं दिसायची त्यातून हाच ॲनालॉग सिग्नल बाहेर यायचा. म्हणून तो छोटा डीव्हीआय ते व्हीजीए प्लग लावला की लगेच चित्र यायचं, आणि बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून तेच बसलंय. पण एएमडीने २०१३ च्या आर९ २९० पासून आणि एनव्हिडियाने २०१६ च्या जीटीएक्स १० सिरीजपासून ॲनालॉग काढूनच टाकलं, डीव्हीआय राहिलं ते डीव्हीआय-डी, चार भोकं नसलेलं. तो जुना प्लग त्यात जात नाही, मग काही जण त्याच्या चार पिना मोडून बसवतात. बसतो. पण चित्र येणार नाही, कारण चित्र त्याच पिनांवरून यायचं!

म्हणजे व्हीजीए मॉनिटरला आता डिजिटलचं ॲनालॉग करणारी चिप मधे हवीच, यालाच ॲक्टिव्ह अडॅप्टर म्हणतात. दोन पर्याय आहेत, एचडीएमआय ते व्हीजीए किंवा डिस्प्लेपोर्ट ते व्हीजीए, आणि मी कधीही दुसरा घ्या म्हणेन. कारण पॉवर. चिप चालायला वीज लागते, डिस्प्लेपोर्टच्या पिनेवर ३.३ व्होल्टला ५०० मिलिअँपिअरपर्यंत मिळतात, तर एचडीएमआयला ५ व्होल्टवर फक्त ५५ मिलिअँपिअरची हमी आहे. बरीच कार्डं जास्त देतात पण भरवसा नाही. स्क्रीन मधेच काळी होते, परत येते, परत जाते, ही तक्रार बऱ्याचदा या उपाशी अडॅप्टरची असते आणि लोक दोष देतात बिचाऱ्या मॉनिटरला. एचडीएमआयवालाच घ्यायचा असेल तर बाजूला मायक्रो यूएसबीचं सॉकेट असलेला घ्या, आणि हो, त्या सॉकेटला पॉवर खरंच जोडा.

मर्यादा पण बघून घ्या. साधे व्हीजीए अडॅप्टर १९२० बाय १०८० ला ६० हर्ट्झपर्यंत नीट चालतात, रोजच्या जुन्या एलसीडीला एवढं भरपूर झालं. पण चांगला सीआरटी, म्हणजे जुना काचेच्या नळीचा मॉनिटर, असेल, जो १६०० बाय १२०० ला ८५ हर्ट्झ दाखवतो, तर त्याला सुमारे २३० मेगाहर्ट्झचा पिक्सेल क्लॉक (पिक्सेल पाठवायचा वेग) लागतो आणि तिथे साधी चिप हात टेकते. अशा सीआरटीसाठी अडॅप्टर शोधताना नुसतं 'फुल एचडी' वाचून थांबू नका, पिक्सेल क्लॉक किती ते शोधा.

तसंच मोठ्या डीव्हीआय मॉनिटरचं. ॲपलचा ३० इंची सिनेमा डिस्प्ले किंवा डेलचा ३००७, २५६० बाय १६०० वाले, अजूनही बघायला सुरेख. यांना ड्युअल लिंक डीव्हीआय, म्हणजे डेटाच्या तारांचे दोन संच, लागतं आणि पॅसिव्ह अडॅप्टर सिंगल लिंकच देतो, म्हणजे १६५ मेगाहर्ट्झ, साधारण १९२० बाय १२०० पर्यंत. अडॅप्टरच्या डीव्हीआय सॉकेटला २४ भोकं सगळी असतात म्हणून वाटतं हा चालेल, पण मागे तारा नसतात आणि स्क्रीनवर १२८० बाय ८०० चं फुगलेलं चित्र येतं. इथे डिस्प्लेपोर्ट ते ड्युअल लिंक डीव्हीआय असा यूएसबी पॉवरवाला ॲक्टिव्ह अडॅप्टरच हवा. महाग असतो, पण असा पॅनल असेल तर मी बिनदिक्कत घ्या म्हणेन.

जोडून झाल्यावर केबल कार्डातच गेलीय ना ते एकदा बघा. मदरबोर्डवरचं व्हीजीए दिसलं म्हणून त्यात घातली की चित्र प्रोसेसरच्या इंटिग्रेटेड ग्राफिक्समधून येतं (प्रोसेसरमधे ते असेल तर) आणि नवं कार्ड नुसतं बसून राहतं.

रिझोल्युशन १०२४ बाय ७६८ च्या वर जात नसेल तर आधी व्हीजीए केबल बदलून बघा. मॉनिटर स्वतःची माहिती कार्डाला कळवतो ती १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून, आणि स्वस्त केबलमधे त्या तारा कधीकधी घातलेल्याच नसतात, मग कार्ड बिचकून छोटं रिझोल्युशन देतं. ड्रायव्हरशी झटापट त्यानंतर. व्हीजीएवर एचडीसीपी, म्हणजे व्हिडिओची कॉपी होऊ नये म्हणूनचं संरक्षण, नसतं, त्यामुळे काही स्ट्रीमिंग व्हिडिओ कमी क्वालिटीत दिसतात किंवा दिसतच नाहीत, त्याला अडॅप्टर बदलून उपयोग नाही.

डीव्हीआय मॉनिटर एचडीएमआयवरून जोडलाय आणि काळा रंग राखाडी, सगळं धुतल्यासारखं दिसतंय, तर ड्रायव्हरमधे आउटपुट रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा पल्ला, लिमिटेड झालेली असते, ती फुल करा. आणि व्हीजीएवर अक्षरं थरथरत किंवा पुसट दिसत असतील तर मजकुराने भरलेली खिडकी पूर्ण स्क्रीनभर उघडून मग मॉनिटरचं ऑटो बटण दाबा, रिकाम्या डेस्कटॉपवर त्याला पकडायला काही मिळत नाही. तरी थोडी थरथर राहिलीच तर मेनूतलं फेज (मॉनिटर सिग्नल नेमका कुठल्या क्षणी वाचतो ते) एकेक पाऊल हलवत जा, उभ्या रेघा धारदार झाल्या की तिथे थांबा.