हंगेरीहून पुण्याला पेंटिंग आणायचं म्हणजे काय काय, माझा अनुभव

बुडापेस्टचं बिऱ्हाड गुंडाळून पुण्याला यायचं ठरलं तेव्हा सासूबाईंनी (नवरा हंगेरियन आहे) हॉलमधलं फुलांचं ऑइल पेंटिंग आम्हाला देऊन टाकलं. यानोश वॉसॉरी या हंगेरियन चित्रकाराचं. बॅगेत कपड्यांच्या मधे ठेवू म्हटलं तर नवरा म्हणे तसं नाही चालत, ५० वर्षांपेक्षा जुनं चित्र देशाबाहेर न्यायला परवानगी लागते, २००१ चा कायदा आहे. वॉसॉरी गेला १९३९ मध्ये, त्यामुळे हिशोब करायचाही प्रश्न नव्हता.

आणि खरी गोम पुढे आहे. चित्र फारच महत्त्वाचं निघालं तर सरकार त्याला संरक्षित ठरवू शकतं, मग ते कायमचं बाहेर नेता येत नाही. (आपल्याकडे अमृता शेरगिलच्या चित्रांचं तेच आहे, आणि ती जन्मली बुडापेस्टलाच!) म्हणजे आम्हाला चित्र अस्सल तर हवं होतं, पण फार भारी नको होतं. असला नवस कोणत्या देवाला बोलायचा?

फॉल्क मिक्शा रस्त्यावर जुन्या चित्रांची दुकानं ओळीने आहेत, तिथल्या एका जाणकार काकांकडे गेलो. त्यांनी आधी चित्र उलटं करून कॅनव्हास आणि खिळे बघितले, मग खोलीत अंधार करून यूव्ही टॉर्च मारला. जुनं व्हार्निश हिरवट चमकायला लागलं आणि एका लाल डेलियाच्या पाकळीवर काळपट डाग दिसला, म्हणजे तिथे नंतर कोणीतरी रंग भरलाय. सही व्हार्निशच्या खाली होती, वर असती तर संशय आला असता. मग दिवा लावून त्यांनी दाखवलं की फुलदाणीच्या कडेला पांढरा रंग लावलेलाच नाहीये, ती कॅनव्हासची पांढरी जमीनच (रंगवण्याआधी कॅनव्हासवर देतात तो थर) तशी सोडलीय. आधी वॉसॉरी काळ्या जमिनीवर रंगवायचा, १९२० च्या दशकात पॅरिसची हवा लागली आणि पांढऱ्यावर आला. मी इतकी वर्षं त्या चित्राखाली बसून चहा प्यायले, हे कधी दिसलंच नाही.

निकाल: अस्सल, पण दुरुस्ती झालेलं, मधल्या दर्जाचं. आम्ही पेढे वाटायच्या बेतात, सासूबाई मात्र 'मधल्या दर्जाचं'वर जाम रुसल्या.

पुढे फॉर्म, पुढून-मागून फोटो, मापं, मालकीचा कागद. किंमत दीड लाख युरोच्या वर असती तर युरोपियन युनियनचं वेगळं लायसन्सही लागलं असतं, आमचं त्याच्या आसपासही नव्हतं. थांबावं लागलं, पण परवानगी आली.

पॅकिंगचं मात्र नीट सांगते. बबल रॅप थेट रंगावर लावू नका, फुग्यांचे ठसे उठतात. आधी न चिकटणारा गुळगुळीत कागद, मग बाकीचं. लाकडी पेटी करून घेणार असाल तर लाकूड हीट ट्रीटमेंट केलेलं आणि शिक्का मारलेलं लागतं, नाहीतर किडीच्या भीतीने पेटी कस्टम्सला अडकते. पुण्यात आल्यावर बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, पावसाळ्यात ओल येते आणि कॅनव्हासला मागून बुरशी धरते. आमचं आतल्या भिंतीवर आहे, मागे बुचाचे तुकडे लावून, म्हणजे हवा खेळते. परवानगीचा कागद स्कॅन करून ठेवलाय, उद्या विकायचं झालं तर पहिला तोच मागतील. अर्थात हे सासूबाईंना सांगितलेलं नाही.