कोतवाल बुक ते रामकुंड : पणजोबांच्या शोधात जुन्नर आणि नाशिक

साध्या शेतकऱ्याचे नाव बखरीत किंवा सनदेत सापडत नाही. ते सापडते सरकारने सारा घेतला तिथे, गावच्या कोतवालाने जन्ममृत्यू टिपले तिथे आणि तीर्थावर उपाध्यायाने आलेल्या यात्रेकरूंची नावे लिहायला वही उघडली तिथे. जुन्नर तालुक्यात शेती करणाऱ्या आमच्या पणजोबांच्या शोधासाठी आम्ही आधी जुन्नरचे तहसील कार्यालय आणि मग नाशिक असा क्रम ठेवला. तो उलटा करू नये, कारण उपाध्यायांकडे विचारायची नावे तहसिलातल्या कागदांतूनच हाती येतात.

निघण्यापूर्वी ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर आपल्या गावाचे जुने सातबारे आणि फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, पाहून घ्यावेत. जमिनींच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्यामुळे दोन्ही क्रमांक जवळ असल्याशिवाय मागचा कागद जुळत नाही. सर्वांत बोलका असतो तो वारसाचा फेरफार, मात्र १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापूर्वीच्या फेरफारांत मुलींची नावे सहसा मिळत नाहीत. आमच्या हाती १९१९ चा एक फेरफार लागला, ज्यात थोरल्या भावाची जमीन पणजोबांच्या नावे झाली होती. भाऊ केव्हा आणि कशाने गेला हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते.

पुण्याहून एसटीने नारायणगाव आणि तिथून जुन्नर हा प्रवास सोपा आहे. शनिवार-रविवार सरकारी कार्यालये बंद असतात एवढे ध्यानात ठेवावे. अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजेच जन्ममृत्यूंचे कोतवाल बुक, पाहण्यासाठी कोर्ट फी स्टँप लावून अर्ज द्यावा लागतो आणि त्यात गाव व वर्षे नेमकी लिहावी लागतात. ‘आमच्या आडनावाचे सगळे दाखवा’ असा अर्ज निरुपयोगी ठरतो, कारण नोंदी गाववार असतात आणि पुष्कळ ठिकाणी आडनाव नसून फक्त स्वतःचे आणि बापाचे नाव असते. जन्माच्या नोंदीत तर बाळाचेही नाव नसते, अमक्यास मुलगा झाला एवढेच असते. लिपी मोडी आहे, आणि कोतवाल बुकातले घाईचे अक्षर नवशिक्याला लागत नाही. पुराभिलेख विभागाच्या परीक्षा उत्तीर्ण झालेला जाणकार सोबत न्यावा.

ऑक्टोबर १९१८ ची पाने उघडली तेव्हा फेरफाराचे कोडे सुटले. एरवी महिन्याला दोन-चार मृत्यू असलेल्या गावात त्या महिन्यात ओळीमागून ओळ भरलेली, आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द, ‘ताप’. ही इन्फ्लुएंझाची साथ. त्याच पानांवर पणजोबांचे भाऊ होते आणि पणजोबांची बायकोही होती. आमच्या आजोबांचा जन्म त्यानंतरचा, १९२१ चा. तेव्हा आजोबांची आई ही पणजोबांची दुसरी बायको असली पाहिजे, आणि घरातल्या कोणत्याही वंशावळीत पहिलीचा उल्लेख नाही.

नारायणगावाहून संगमनेर, सिन्नर करत नाशिक गाठता येते. पंचवटीत रामकुंडाच्या परिसरात आपले गाव आणि तालुका सांगितला की त्या भागाचे उपाध्याय कोण हे कुणीही दाखवते. जात किंवा आडनाव नंतर विचारले जाते. दक्षिणेचे आधीच बोलून घ्यावे, परवानगीशिवाय वहीचा फोटो काढू नये, आणि आपल्या पिढीची नावे लिहून देण्याची तयारी ठेवावी, कारण ही वही अशाच भर पडून टिकली आहे. २०२७ च्या सिंहस्थात मात्र या कामासाठी जाऊ नये, तेव्हा कुणालाही निवांतपणा नसणार.

उपाध्यायांच्या वहीत आमच्या गावाच्या नोंदींत पणजोबा सापडले : शके १८४०, माघ, सोबत धाकटा पुतण्या, कारण अस्थी व श्राद्ध. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण माघ-फाल्गुनाच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. म्हणजे ही नोंद फेब्रुवारी १९१९ च्या सुमाराची, फेरफाराच्याच वर्षातली. पहिल्या बायकोचे नाव इथे तिच्या सासऱ्याच्या नावासह स्पष्ट लिहिलेले होते.

मराठवाड्यात मूळ असलेल्यांनी एवढे लक्षात घ्यावे की निजामाच्या काळातले महसुली कागद बरेचसे उर्दूत आहेत आणि वर्षे ‘फसली’ या महसुली कालगणनेतली आहेत, म्हणजे तिथे मोडीचा जाणकार पुरत नाही. आमच्यापुरते आता गावच्या शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही पाहायची उरली आहे, कारण त्या पुतण्याचे पुढे काय झाले ते तिथेच कळेल. शाळा उघडी असताना मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज घेऊन जावे लागेल.