माझ्या गोळीला घड्याळ का लागतं

"थायरॉइडची गोळी आम्हीही घेतो. कधी दोन तास उशीर होतो, एखाद्या दिवशी राहूनही जाते, काही जाणवत नाही. मग तुमच्याच गोळीला एवढं घड्याळ कशाला?" मला ॲडिसनचा आजार आहे, म्हणजे कॉर्टिसॉल नावाचं गरजेचं हार्मोन माझं शरीर बनवत नाही, हे कळलं की कुणी ना कुणी हे विचारतंच. प्रश्न रास्त आहे. दोन्ही हार्मोनच्याच गोळ्या.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. थायरॉक्सिन शरीरात निम्मं व्हायला साधारण 7 दिवस लागतात, त्यामुळे थोडा उशीर सहज खपतो. ती उपाशीपोटी घ्यायची ती शोषली जावी म्हणून. चहा-कॉफी, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्या आड येतात. नेदरलँड्समध्ये 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर रात्री झोपताना गोळी घेणाऱ्यांचे रिपोर्ट सकाळवाल्यांपेक्षा थोडे चांगले आले होते.

माझं हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे तेच कॉर्टिसॉल गोळीच्या रूपात, हे स्टेरॉइड. ते मात्र दीडेक तासात निम्मं होतं. मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात; माझ्या क्षयाने निकामी झाल्या. आपल्याकडे या आजाराचं हे जुनंच कारण. तुमच्या शरीरात कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी असतं, पहाटे दोन-तीनपासून चढू लागतं आणि जाग येण्याच्या वेळी सर्वांत जास्त होतं. तुम्ही झोपेत असतानाच शरीर उठायच्या तयारीला लागलेलं असतं. माझ्याकडे ही पहाटेची चढण नाहीच, आणि आदल्या दिवसाचं औषध रात्रीतच संपलेलं असतं. म्हणून डोळे उघडले की अंथरुणातच गोळी, मग चहा. उशीर झाला तर मळमळतं, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.

दिवसाचे 15 ते 25 मिलिग्रॅम दोन-तीन वेळांत वाटून घ्यायचे, त्यातला मोठा वाटा सकाळी, शेवटचा संध्याकाळ उलटण्याआधी. उशिरा घेतली तर झोप लागत नाही. शिवाय संध्याकाळी शरीराला इतक्या कॉर्टिसॉलची अपेक्षा नसते. तेवढाच डोस तेव्हा साखरेचं गणित सकाळपेक्षा जास्त बिघडवतो. मला या साऱ्यात हेच सगळ्यात विलक्षण वाटतं: औषध तेच, माणूस तोच, फक्त वेळ बदलली की परिणाम बदलतो. रात्रपाळी करणाऱ्यांची सकाळ अर्थात वेगळी. त्यांनी वेळा डॉक्टरांकडून बांधून घ्याव्यात.

आणि सकाळ हाच सगळ्या स्टेरॉइडचा नियम नाही. आमवातात सांधे पहाटे आखडतात, कारण सूज वाढवणारी रसायनं रात्रीच वर जातात. त्यासाठी रात्री दहाला घेऊन चार तासांनी पोटात उघडणारी प्रेडनिसोनची गोळी निघाली आहे. तेव्हा माझं ऐकून आपल्या गोळीची वेळ बदलू नका, आणि स्टेरॉइड मनाने बंद तर मुळीच करू नका.

एक विनंती मात्र आहे. घरात माझ्यासारखं कुणी असेल आणि दवाखान्यात दाखल झालं, तर पहिल्याच संध्याकाळी वॉर्डातल्या सिस्टरना सांगून ठेवा: सकाळची गोळी नाश्त्याच्या फेरीपर्यंत थांबवायची नाही. ताप असेल तर नेहमीचा डोस पुरत नाही, तो वाढवावा लागतो. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवणार असतील, तर गोळीऐवजी इंजेक्शन कधी देणार, हे आदल्या दिवशीच विचारून घ्या.